बिरोबाच्या मेंढ्याची मागची बाजू

संपादकांनी माझ्याकडे हत्ती मागितला होता. 'महाराजांच्या पदरी चाकरी केलीत, हत्तींची साठमारी पाहिलीत, पागेतली घोडी हाताळलीत, तर दिवाळी अंकासाठी त्यातलंच काहीतरी लिहा,' असा त्यांचा निरोप आला. निरोप्याला मी चहा पाजला आणि सांगितलं, हत्ती मी लांबून बघितले, घोड्यांनी मला लाथा मारल्या, आणि माझी उमेदीची सगळी वर्षं गेली ती मेंढरांच्या मागच्या बाजूला. लिहीन तर तेच लिहीन. शीर्षकात मी याहून नेमका शब्द घातला होता. अंक घरातल्या बायका वाचतात म्हणून संपादकांनी तो बदलला. आमच्या कोल्हापुरात घरातल्या बायका तो शब्द दिवसातून किती वेळा वापरतात हे त्यांना ठाऊक नसावं, कारण ते पुण्याचे आहेत.

आमचं घराणं नालबंदांचं. वडील पागेत घोड्यांना नाल ठोकायचे, आजोबाही तेच करायचे. मी चार बुकं शिकलो, जनावरांच्या दवाखान्यात उमेदवारी केली आणि साळोत्री झालो. साळोत्री म्हणजे जनावरांचा डॉक्टर. आईला या गोष्टीचा फार अभिमान होता. घोड्याच्या पायाशी बसणारं घराणं आता घोड्याच्या तोंडापर्यंत पोचलं, असं ती गल्लीत सांगायची. तिचा हा आनंद फार दिवस टिकला नाही. त्या काळात राज्यात सगळंच सुधारायचं चाललं होतं. शाळा झाल्या, तालमी झाल्या, बंधारे झाले, आणि एक दिवस कचेरीत कुणीतरी मेंढरांचा विषय काढला. धनगरांच्या तळांवर फिरायला कोण जाणार, असं साहेबांनी विचारलं तेव्हा बाकीचे सगळे साळोत्री जमिनीकडे बघत होते आणि मी एकटाच वर बघत होतो. माझी नेमणूक अशी झाली.

आता हा धंदा काय होता ते सांगतो. जेवण झालं नसेल त्यांनी हा एक परिच्छेद सोडून पुढे जावं.

पावसाळ्यात मेंढराची लोकर भिजते आणि भिजलेलीच राहते. त्यात पोट बिघडलं की लेंडी पातळ होते, शेपटीखालच्या लोकरीला चिकटते, मूतही तिथंच मुरतं. ना ऊन, ना वारा. त्या वासावर हिरवी चमकदार माशी येते आणि लोकरीच्या मुळाशी अंडी घालते. तांदळाची कणी सांडावी तशी ती दिसतात. एका दिवसात त्यांच्या अळ्या होतात, आणि या अळ्या जिवंत जनावराची कातडी खायला लागतात. कातडी संपली की मांस. गंमत अशी की वरून लोकर जशीच्या तशी असते. मेंढरू पाय आपटतं, शेपटी झाडतं, मान वळवून स्वतःच्याच मांडीला चावायला बघतं, मग कळप सोडून एकटं उभं राहतं. तोपर्यंत आत निम्मं काम उरकलेलं असतं. याला आमच्याकडे किडे पडणं म्हणतात. शेजारणीशी भांडण फार वाढलं की बायका शेवटी जी शिवी देतात, तीही हीच.

उपाय अवघड नाही. निरोगी कातडी दिसेपर्यंत लोकर कातरायची, टर्पेंटाइन तेलात कापूर विरघळवून ते आत सोडायचं. अळ्यांचा श्वास कोंडला की त्या डोकी वर काढतात. एकेक चिमट्यानं उचलायची आणि जाळायची, कारण जमिनीवर टाकली तर ती मातीत शिरते आणि माशी होऊन परत येते. मग जखम धुऊन वर करंजाचं तेल लावायचं, म्हणजे नव्या माश्या बसत नाहीत. पण हे सगळं करायची वेळच येऊ नये असं वाटत असेल तर पावसाच्या आधी शेपटीभोवतीची आणि मांड्यांच्या आतली लोकर कातरून टाकायची. बस्स. एवढ्याचसाठी सरकार मला पगार देत होतं. 'पावसाआधी तेवढी मागची लोकर काढा, विसरू नका,' हे वाक्य मी अळत्यापासून शिरोळपर्यंत प्रत्येक तळावर म्हटलं. धनगरांची पोरं लांबून मी दिसलो की तेच वाक्य माझ्याच आवाजात म्हणायची.

ऐकलं मात्र कुणीच नाही. लोकर कातरायच्या वेळा ठरलेल्या. मधेच मागून बोडकं केलेलं मेंढरू उघडं दिसतं, त्याला नजर लागते, आणि मुख्य म्हणजे शेजारच्या तळावरचे लोक हसतात. एका म्हाताऱ्यानं मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "सायेब, तुमी सोता मागनं कातरून घेतलासा काय?" त्यानंतर तिथं व्याख्यान पुढे चालवणं कठीण झालं.

शिरोळ पेट्यातल्या, म्हणजे आताच्या तालुक्यातल्या, एका गावात माझा मोठा प्रतिस्पर्धी राहत होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझ्या ओळखीची माणसं अजून आहेत. हा प्रतिस्पर्धी म्हणजे तिथल्या बिरोबाचा पुजारी भागाप्पा. काटकुळा माणूस, पिळदार मिशा, डोक्याला भलामोठा पटका. त्याच्या अंगात देव यायचा, तो सालाची भाकणूक, म्हणजे पाऊसपाण्याचं भविष्य, सांगायचा, आणि मेंढराचे किडे लांबूनच झाडायचा. मेंढरू तळावर, भागाप्पा देवळात. तो फक्त दोन गोष्टी विचारायचा, मेंढराचा रंग कोणता आणि किडे कधीपासून आहेत. मग कडुनिंबाची डहाळी मोडायचा, आणि खरोखर किडे गळून पडायचे. मला याचं कोडं बरेच दिवस सुटलं नव्हतं. पुढे ध्यानात आलं की अळी पोट भरून टच्च फुगली की आपणहूनच खाली पडते, तिला मातीत शिरायचं असतं. म्हणजे रंग विचारायचा तो नुसता देखावा, खरी मेख दुसऱ्या प्रश्नात होती. किडे ताजे असले की भागाप्पा म्हणायचा, देव आज नाराज आहे, परवा या. माणूस हुशार होता. त्याला दवाखान्यात नेमला असता तर माझ्या वर चढला असता.

त्या वर्षी भादव्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मी शिरोळ रोड स्टेशनावर उतरून, वहाणा हातात घेऊन, चिखल तुडवत त्या गावी पोचलो तर देवळामागच्या माळावर ढोल वाजत होते. जत्रा दसऱ्यानंतर असते, मग आत्ताच ढोल कसले म्हणून बघायला गेलो. माळावर धुळाप्पा धनगराचा तळ होता. शंभरेक माणसं गोल करून उभी होती, मधे ढोलवाले, आणि ढोलवाल्यांच्या समोर एक मेंढा.

या मेंढ्याची हकिकत सांगायला हवी. मागं एका साथीत धुळाप्पाचा कळप बसल्या जागी मरत होता. तेव्हा त्याची बायको लगमव्वा बिरोबापुढे पदर पसरून म्हणाली होती, उरलेली मेंढरं जगली तर पहिला नर तुझा. तीन वर्षं त्याच्या लोकरीला लोखंड लागणार नाही. तिसऱ्या जत्रेला सगळी लोकर तुझ्यापुढे उतरवीन आणि तिचं घोंगडं तुला घालीन. मेंढरं जगली. नर झाला. त्याला सगळे देवबा म्हणायचे. तीन पावसाळ्यांची लोकर अंगावर घेऊन तो उभा होता, पाय दिसत नव्हते, डोळे दिसत नव्हते. हे तिसरं वर्ष होतं आणि जत्रा तोंडावर आली होती.

देवबा पाय आपटत होता. शेपटी थरथर झाडत होता. अंगाला झटके देत होता. ढोलाचा आवाज वाढला की जास्तच. बाया हात जोडून उभ्या होत्या. एकानं पुढे होऊन विचारलं, "देवा, आमची म्हस घावंल का?" देवबानं खुर आपटला. "घावंल!" असं भागाप्पानं जाहीर केलं, आणि त्या माणसानं मेंढ्याला पुरणपोळी चारली.

मी धुळाप्पाला बाजूला घेतलं. हा धुळाप्पा म्हणजे उंचापुरा गडी, आख्खी मेंढी खांद्यावर टाकून नदी ओलांडणारा, पण बोलायला लाजायचा.

"हे कधीपासनं चाललंय?" मी विचारलं.

"आट दिस झालं की. अंगात येतंय त्येच्या," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर भलता आनंद होता. "सारा गाव येतोय बघा. रोज हळदीच्या पाण्यानं आंगूळ घालतो."

"आणि पोळ्या?"

"ज्येची त्येची भक्ती. न्हाय कसं म्हणायचं?"

तिथं उभ्या उभ्या माझ्या ध्यानात सगळं आलं. गावानं भक्तीनं पोळ्या चारल्या. पोळ्यांनी देवबाला जुलाब झाले. जुलाबानं लोकर भरली, हळदीच्या आंघोळीनं ती वाळू दिली नाही, वासावर माशी आली. माशीनं किडे पडले, किड्यांनी तो पाय आपटायला लागला. पाय आपटतोय म्हणजे अंगात आलंय, म्हणून आणखी पोळ्या. इतकं नीट जुळून आलेलं चक्र मी पुढे कुठंच बघितलं नाही.

ढोल थांबल्यावर, गर्दी पांगल्यावर, मी देवबाच्या मागे बसलो आणि शेपटीखालची लोकर दोन्ही हातांनी फाकवली. आत काय होतं ते लिहीत नाही. वास आला तसा धुळाप्पा तोंड फिरवून लांब गेला आणि ओकला. लगमव्वा मात्र वाकून बघत राहिली. मग तिथंच चिखलात बसली.

"माज्या देवाला किडं?" ती म्हणाली. "माज्या घराला कुणाचा तळतळाट लागला गं बाई?"

तिची भीती मला कळत होती. शेजारणीनं नुसती शिवी दिली तरी चूल पेटत नाही, इथं तर देवाच्याच मेंढ्यात ती शिवी खरी झाली होती. देवबा जत्रेआधी मेला असता तर नवस मोडला असता. किडे पडलेलं घर म्हणून नाव झालं असतं, आणि मग एकाही धनगरानं आपला कळप त्यांच्या शेजारी बसू दिला नसता. तळाशिवाय धनगरानं जायचं कुठं?

मी पिशवीतून कात्री काढली. धुळाप्पा माझ्या आणि मेंढ्याच्या मधे येऊन उभा राहिला.

"लोकंड न्हाय," तो म्हणाला.

"धुळाप्पा, लोकर काढल्याशिवाय औषध आत जात नाही."

"जाईना."

"मरंल की तो!"

"मरू दे. पर लोकंड न्हाय."

मी चिडलो. तुमच्या देवाला म्हणावं मग तूच चाट त्याची जखम, असं काहीतरी बोललो. मी मुसलमान, तो देवाचा मेंढा, आणि समोर धनगराची काठी. आज विचार करतो तर अंगावर काटा येतो. पण धुळाप्पाच्या डोळ्यांत पाणी होतं, काठी त्यानं उचललीच नाही. लगमव्वानं डोळे पुसले आणि ती उठली.

"तुमी दोगं भांडून काय हुणार?" ती म्हणाली. "ज्येचा हाय त्येला इचारूया."

भागाप्पाला बोलावलं. तो देवळापुढे बसला, कपाळाला भंडारा लावला, घुमायला लागला. लगमव्वानं सगळं देवाला सांगितलं. भागाप्पानं हुंकार दिला, "लोकंड न्हाय! माज्या लेकराला लोकंड न्हाय!"

धुळाप्पानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे झालं की. पण माझा राग अजून उतरला नव्हता. मी पुढे होऊन देवालाच विचारलं, "बरं, लोकंड न्हाय. हातानं उपटली तर?"

देव घुमायचा थांबला. असा प्रश्न त्याला आजवर कुणी केला नसावा. भागाप्पानं एक डोळा किलकिला केला आणि माझ्याकडे बघितलं, मग मेंढ्याकडे. तेवढ्यात वारा फिरला आणि देवबाचा वास सरळ त्याच्या नाकात गेला. माझं मत आहे की निकाल त्या वासानं लावला.

"हातात यील ती माजी," देव म्हणाला. "हातात येणार न्हाय ती माज्या लेकराची. हां!" आणि तो इतक्या घाईनं अंगातून निघून गेला की भागाप्पाला जांभई द्यायलाही सवड मिळाली नाही.

आम्ही बसलो. किडे पडलेल्या जागेची लोकर मुळातून सैल झालेली असते, मुठीत धरून ओढली की येते. धुळाप्पानं देवबाचं डोकं मांडीत धरलं आणि नजर देवळाच्या कळसावर लावली. मी आणि लगमव्वा मागे बसून उपटत होतो. जखमेच्या कडेला लोकर घट्ट होती, बोटांतून निसटायची. लगमव्वानं कनवटीचे दोन ढब्बू पैसे काढले, तांब्याचे, आणि त्यांच्या चिमटीत दोनदोन केस धरून ती खुडायला लागली. माझी बोटं निम्म्यात दमली, तिची थांबली नाहीत. माझा चिमटाही लोखंडाचाच, म्हणून तो बाद. भागाप्पा स्वतः बाभळीचे काटे घेऊन आला.

"बाटलीत काय हाय?" त्यानं विचारलं.

"झाडाच्या डिंकाचं तेल. आणि कापूर."

"कापूर चालतोय," तो म्हणाला. "कापूर देवाचाच हाय."

तेल आत गेलं आणि अळ्यांनी डोकी वर काढली. भागाप्पा माझ्या शेजारी मांडी घालून बसला आणि काट्यानं एकेक उचलून निखाऱ्यावर टाकू लागला. आयुष्यभर लांबून झाडलेल्या किड्यांना त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा हात लावला असावा. "बारीक हायत अजून," तो हळूच म्हणाला. "आपसूक पडली नसती." मी पुढचा काटा त्याच्या हातात दिला. वैद्यानं वैद्याचं गुपित ठेवायचं असतं.

पुढचे दिवस मी देवळाच्या ओवरीत मुक्काम केला. लगमव्वा भाकरी आणि तांबडं तिखट आणून द्यायची. नालबंदाचा पोरगा बिरोबाच्या ओवरीत झोपतो याबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि मीही विचारायला गेलो नाही. पहिले दोन दिवस देवबानं काडीला तोंड लावलं नाही. मान टाकून पडून राहिला. लगमव्वा सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत कडुनिंबाची डहाळी घेऊन त्याच्यावरच्या माश्या वारत बसायची. त्या दोन दिवसांत मी मनातून फार घाबरलो होतो. मेंढरं मी पुष्कळ गमावली, त्याचं मला दुःख व्हायचं आणि जेवल्यावर उतरायचं. पण तो मेला तर या बाईच्या तोंडाकडे कसं बघायचं, या विचारानं घास खाली जात नव्हता. तिला मी अक्का म्हणायला लागलो होतो, आणि अक्का म्हटलं की माणूस अडकतो.

दुसरी काळजी पोळ्यांची. जुलाब थांबल्याशिवाय जखम भरणार नव्हती, आणि भाविक काही थांबेनात. मी भागाप्पाला समजावलं. त्यानं मिशीला पीळ दिला आणि गावात दवंडी दिली की देवबाचा जत्रेपर्यंत उपास आहे, त्याला फक्त कोरडा कडबा चालतो, पोळ्या पुजाऱ्याकडे द्याव्यात. हा उपास भागाप्पाला मनापासून पटला होता. जत्रेपर्यंत त्याच्या गालावर मांस आलं.

तिसऱ्या सकाळी मी जखम धुवायला वाकलो असताना देवबा उठला, वळला आणि त्यानं मला मांडीवर अशी टक्कर दिली की मी करंजेलाच्या भांड्यासकट चिखलात बसलो. लगमव्वा हसत हसत रडायला लागली. मीही हसलो. मांडी अजून पावसाळ्यात दुखते.

ओवरीत दुसरं काम नव्हतं, म्हणून येईल त्याला मी माझं वाक्य ऐकवत होतो. पावसाआधी तेवढी मागची लोकर काढा. भागाप्पा पोळी खात ते ऐकत बसायचा.

जत्रेचा दिवस आला. जखम भरली होती, पण लोकर इतक्यात कुठली यायला? पुढून देवबा तीन वर्षांच्या लोकरीचा डोंगर आणि मागून सपाट, गुलाबी, गुळगुळीत. धुळाप्पानं मागे घोंगडं बांधायचं ठरवलं होतं. देवबानं ते देवळाच्या पायरीवरच झटकून टाकलं आणि पालखीपुढे तो आपली मागची बाजू साऱ्या जत्रेला दाखवत चालायला लागला. ढोल अडखळले. मग थांबले.

"ही लोकर कुणी कातरली?" गावचा पाटील ओरडला. "देवाच्या मेंढ्याला कात्री कुणी लावली?"

धुळाप्पा पायरीवरचं घोंगडं उचलायला वाकला. लगमव्वानं माझ्याकडे बघितलं. मी पुढे व्हायला एक पाऊल टाकलं, तेवढ्यात पालखीजवळून हुंकार आला. भागाप्पाच्या अंगात आलं होतं.

"कातरली न्हाय!" तो गरजला. "मीच घेतली, माज्या मुठीनं! पावसाआदी मागची लोकर मला द्यायची हुती. दिलीसा? न्हाय दिलीसा! म्हणून मी सोता येऊन घेतली. फुडच्या सालापास्नं पावसाआदी माजी मूठ मला पायजे. इसरू नका!"

 मग भंडाऱ्याची पहिली मूठ उडाली ती सरळ देवबाच्या मागच्या बाजूवर. मग हजार मुठी. ती जागा हळदीनं पिवळीधमक झाली, बाया तिथं हात लावून कपाळाला लावायला लागल्या, पाटलानंही लावला. दवाखान्यात मी शिकलेलं शास्त्र, माझं वाक्य, शब्दाला शब्द, आणि बोललं कोण तर बिरोबा. देवबाची लोकर उतरली, तिचं घोंगडं झालं, लगमव्वाचा नवस फिटला. मी गर्दीत भंडाऱ्यानं माखून उभा होतो.

पुढच्या साली मृगाच्या आधी मी त्या बाजूला गेलो तर तळातळांवर कात्र्या चालू होत्या. प्रत्येक मेंढराची मागची लोकर काढून तिची एकेक मूठ देवळात नेऊन ठेवत होते. शेजारच्या गावांनीही उचललं, कारण त्यांचा बिरोबा का म्हणून मागे राहील? त्या पावसाळ्यात मला शिरोळच्या बाजूला कामच उरलं नाही. कचेरीत साहेब खूश झाले. "नालबंद, तुम्ही केलंत तरी काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, प्रचार केला. कुणाकडून ते त्यांनी विचारलं नाही. खरं सांगतो, मला आनंद झाला आणि मनातून रागही आला. एवढी वर्षं घसा फोडून मी जे सांगितलं ते देवानं एका हुंकारात करून दाखवलं, आणि माझं नाव कुठंच नाही. आईला मात्र मी सांगितलं की सगळं माझ्यामुळंच झालं. तिनं गल्लीत तसं सांगितलं.

चाकरी संपली, दाढी पिकली. महाराजही गेले. त्यांच्या मागं राज्यात पुष्कळ काही बदललं, पण ती जत्रा बदलली नाही असं ऐकत होतो, म्हणून परवाच्या साली बघायला गेलो. भागाप्पा नाही, धुळाप्पाही नाही. देवळाच्या ओवरीत, मी झोपायचो त्याच जागी, धनगराचा एक तरणा गडी लोकांना मुठीच्या चालीची कथा सांगत होता. मीही बसलो.

"मागं हितं दरबारातला एक मुसलमान साळोत्री आलता," तो सांगत होता. "लई माजुरी. म्हणला, बिरोबाच्या मेंढ्याला कात्री लावतो. कात्री लावली, तर कात्रीचं दोन तुकडं! मग देवानं आपल्या हातानं लोकर काढून दावली. तवापास्नं ही चाल पडली."

"आणि तो साळोत्री?" मी विचारलं. "त्याचं पुढं काय झालं?"

"किडं पडून मेला की!"

मला हसू आवरेना. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. माझा ठसका ऐकून खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी हलली. डोळे दोन्ही गेलेले. हातानं चाचपत ती माझ्याकडे सरकली आणि माझा हात धरला. बोटं तीच, ढब्बू पैशानं लोकर खुडणारी.

"हुसेन न्हवं रं?" तिनं हळूच विचारलं.

"व्हय अक्का."

"नातू माजा हाय. त्येला म्याच सांगितलीया गोष्ट." ती पदर तोंडाला लावून हसत होती. "रागावू नगं. तुला मारल्याबिगर गोष्ट संपतच न्हवती. आन गोष्ट संपली न्हाय तर मान्सं लोकर काढंनात."

मी तिच्या हातावर हात ठेवला. 

उठलो, वहाणा घातल्या, पायरीवर आलो. नातवानं मागून हाक मारली. तो धावत आला, माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाला, "पावणं, मेंढरं हायत काय तुमची?"

"हायत की," मी म्हणालो. एवढं खोटं चालतं.

"मग पावसाआदी तेवडी मागची लोकर काढा. इसरू नका."

"न्हाय इसरत," मी म्हणालो.